सैन्याच्या पहाऱ्यातली निवडणूक : १९८८ची श्रीलंका आणि 'परिस्थिती आटोक्यात आहे'

माणदेशी (धागाकर्ता)

मामांची लोखंडी ट्रंक गेल्या महिन्यात उघडली. आत १९८८-८९ सालची पत्रं, सगळ्यांवर एपीओचा, म्हणजे लष्करी टपालाचा शिक्का. मजकूर जवळपास एकच. मी खुशाल आहे, आईला जपा, पाऊस झाला का, खिलारी जोडी विकू नका. कुठे आहोत ते लिहायला मनाई होती. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे अशा पत्रांची घरोघरी सवय. पण नोव्हेंबर ८८ च्या एका पत्रात एक ओळ वेगळी सापडली : 'इकडे इलेक्शन आहे. ते पार पडले की पलटण परत येणार असे साहेब सांगतात.'

मामा श्रीलंकेहून परत आले मार्च १९९० मध्ये. म्हणजे त्या ओळीनंतर सोळा महिन्यांनी. त्यांच्या कंपनीतले तिघे आलेच नाहीत.

धागा काढायला आणखी एक निमित्त झालं. म्यानमारच्या लष्कराने २८ डिसेंबर २०२५ पासून तीन टप्प्यांत निवडणूक घेतली. आंग सान स्यू ची तुरुंगात, त्यांचा पक्ष २०२३ मध्येच विसर्जित केलेला, देशाच्या मोठ्या भागात लढाई चालू आणि त्या भागात मतदानच नाही. तरी देश स्थैर्याच्या वाटेवर आहे, असं राजवट सांगत होती. ते वाचलं तेव्हापासून मामांच्या साहेबांची ती ओळ डोक्यातून जात नाही.

आपल्याकडे श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेवर बोलताना जाफन्याची लढाई, राजीव गांधींची हत्या, एवढ्यावर विषय संपतो. मधली ती निवडणूक कुणाच्या लक्षात नाही. म्हणून आधी थोडा घटनाक्रम.

२९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि लंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला. तमिळ संघटनांनी शस्त्रं खाली ठेवायची, लंका सरकारने उत्तर आणि पूर्व प्रांत एकत्र करून तिथे प्रांतिक परिषद द्यायची, आणि हे घडवून आणायला भारतीय सैन्य तिथे राहणार. करारावर लिट्टेच्या, म्हणजे तमिळ वाघांच्या, प्रभाकरनची सही नव्हती, कारण करार दोन सरकारांमधला होता. जो खरोखर लढत होता, तो कागदावर नव्हता. ऑगस्टमध्ये पलाली तळावर थोडी शस्त्रं जमा झाली आणि ते थांबलं. २६ सप्टेंबरला लिट्टेच्या दिलीपनचा उपोषणात मृत्यू झाला. ५ ऑक्टोबरला पकडलेल्या लिट्टेच्या लोकांनी सायनाईड घेतलं आणि त्याच आठवड्यात आपलं सैन्य, जे शांतता राखायला गेलं होतं, ते लढाईत उतरलं.

जाफना काही दिवसांत हाती येईल असा वरचा अंदाज होता. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने उतरवलेल्या तेरा शीख लाइट इन्फन्ट्रीच्या तीस जणांपैकी एकच वाचला, तोही लिट्टेच्या कैदेत. शहर ताब्यात यायला दोन आठवड्यांहून जास्त लागले. वाघ तिथून निघून वन्नीच्या जंगलात गेले. एक डिव्हिजन गेली होती, तिच्या चार झाल्या, सत्तर हजारांवर माणसं झाली. एवढी कुमक वाढत असताना दिल्लीतून येणारी भाषा मात्र बदलत नव्हती. परिस्थिती आटोक्यात आहे, लिट्टेचं कंबरडं मोडलं आहे, आता राजकीय प्रक्रिया सुरू होईल. कंबरडं मोडलेल्या शत्रूसाठी आणखी तीन डिव्हिजन का लागतात, हा प्रश्न तेव्हाही साधा होता.

मग १९ नोव्हेंबर १९८८ ला उत्तर आणि पूर्व मिळून झालेल्या ईशान्य प्रांताची निवडणूक. उत्तरेत ३६ जागा होत्या. त्या सगळ्या ईपीआरएलएफ ह्या भारताच्या बाजूच्या तमिळ संघटनेला बिनविरोध मिळाल्या. जाफना, किलिनोच्ची, मन्नार, वावुनिया, मुल्लैतिवू इथे त्या दिवशी मतपेटीत एकही मत पडलं नाही, कारण मतदान झालंच नाही. लिट्टेने बहिष्कार पुकारला होता, उभं राहील त्याला मारू असं बजावलं होतं, आणि तमिळांचा जुना संसदीय पक्षही रिंगणात नव्हता. १० डिसेंबरला ईपीआरएलएफचे वरदराज पेरुमल मुख्यमंत्री झाले. कराराचं मुख्य आश्वासन पूर्ण झालं, असं आपल्या सरकारने देशाला सांगितलं.

खरी परिस्थिती कळायला इतिहासाची वाटसुद्धा पाहावी लागली नाही. तीनच महिन्यांनी, १५ फेब्रुवारी १९८९ ला, लंकेच्या संसदेची निवडणूक झाली. तीत लिट्टेला जवळच्या मानल्या जाणाऱ्या ईरोस ह्या तमिळ संघटनेच्या अपक्ष गटाने जाफना जिल्ह्यातल्या बहुतेक जागा जिंकल्या. नोव्हेंबरमध्ये बिनविरोध आलेल्यांना फेब्रुवारीत लोकांनी नाकारलं. हे उघड निकाल होते, दिल्लीतही पोचले असणार. तरी आपण पेरुमल यांच्या सरकारला 'लोकांनी निवडलेलं सरकार' म्हणत राहिलो आणि त्याच्या रक्षणासाठी आणखी वर्षभर माणसं मरत राहिली.

शांतिसेना निघायला लागली तसं ते सरकार वितळत गेलं. १ मार्च १९९० ला पेरुमल यांनी परिषदेत स्वतंत्र ईलमचा, म्हणजे वेगळ्या तमिळ देशाचा, ठराव मांडला आणि थोड्याच दिवसांत ते भारतात आले. २४ मार्चला आपली शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. सुमारे १२०० जवान गेले.

तेव्हापासून माझी एक सवय झाली आहे. युद्ध चालू असलेल्या देशात निवडणूक झाल्याची बातमी आली की मी मतदानाची टक्केवारी बघत नाही. सैन्य निघून गेल्यावर निवडून आलेला माणूस त्याच गावात रात्री झोपू शकेल का, एवढंच विचारतो. १९८८ ला ह्याचं उत्तर मामांच्या पलटणीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

तुमच्याकडे ह्या विषयावरचं काही असेल, घरातलं, वाचनातलं, तर लिहा. मतभेद असतील तर तेही लिहा.

---

खारघरकर

फार चांगला धागा. एक दुरुस्ती. उत्तरेतल्या ३६ जागा एकट्या ईपीआरएलएफच्या नव्हत्या, ईएनडीएलएफबरोबर वाटून घेतल्या होत्या. दोन्ही भारताच्या मर्जीतल्या संघटना, त्यामुळे तुमच्या मुद्द्याला बाधा येत नाही.

पण पूर्वेचं चित्र तुम्ही सोडलंत, ते सोडू नका. तिथे ३५ जागांवर खरंच मतदान झालं. ईपीआरएलएफला १७, मुस्लिम काँग्रेसला १७ आणि कोलंबोतल्या सत्ताधारी यूएनपीला १. पूर्वेतले मुस्लिम लिट्टेलाही घाबरून होते आणि ईपीआरएलएफच्या राज्यालाही, तरी ते बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःचा पक्ष उभा केला. बंदुकीच्या सावलीतही लोक मिळालेल्या संधीचा उपयोग करतात. दिल्लीने ह्या निवडणुकीची जी बढाई मारली ती खोटी, पण त्या मतदारांचं धाडस खोटं नव्हतं.

दुसरं म्हणजे, दोन प्रांतांचं विलीनीकरण ज्या कायद्याखाली झालं त्यात अट होती की आधी शस्त्रं खाली ठेवली गेली पाहिजेत. ती पुरी झाली नव्हती. आणीबाणीच्या नियमांनी अट बाजूला सारून सप्टेंबर ८८ मध्ये विलीनीकरण जाहीर केलं, कारण निवडणूक ठरल्या वेळी व्हायला हवी होती. २००६ मध्ये लंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते विलीनीकरणच अवैध ठरवलं. घाईने घातलेला पाया अठरा वर्षांनी कोर्टात निखळला.

---

माणदेशी

खारघरकर, दुरुस्ती मान्य. पूर्वेबद्दलही बरोबर आहे, मी उत्तरेच्या रागात ते गाळलं.

---

तंजावरी

मी तंजावर मराठी, चेन्नईत राहते. घरात आमची मराठी, बाहेर तमिळ. त्यामुळे ह्या गोष्टीच्या दोन्ही बाजू आमच्या घरात एकाच ताटात वाढल्या गेल्या.

आमचे अप्पा तेव्हा रोज दोन वर्तमानपत्रं घ्यायचे, एक इंग्रजी आणि एक तमिळ. एकाच दिवसाच्या बातम्या ते शेजारी ठेवून वाचायचे. इंग्रजीत आपलं सैन्य किती पुढे गेलं ते असायचं. तमिळमध्ये रामेश्वरम आणि मंडपमला उतरलेल्या निर्वासितांचं सांगणं असायचं. ऑक्टोबर १९८७ मध्ये जाफन्याच्या इस्पितळात रुग्ण, डॉक्टर, नर्सेस मारल्या गेल्या, साठच्या वर माणसं. ते आम्ही तमिळमध्ये वाचलं आणि अप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांचा सख्खा मावसभाऊ फौजेत होता.

ज्या लोकांच्या इस्पितळात हे घडलं, त्यांनी वर्षभराने त्याच सैन्याच्या पहाऱ्यात येऊन मत द्यावं आणि आपण त्याला विश्वास म्हणावं, हे कसं शक्य होतं? निवडणुकीचा हिशेब मांडणाऱ्यांनी हा प्रश्न कधीच मांडला नाही. त्यांच्या लेखी सुरक्षा म्हणजे मतदान केंद्राबाहेर किती जवान उभे आहेत. लोकांच्या लेखी ते जवान हाच भीतीचा अर्धा भाग होता. उरलेला अर्धा वाघांचा.

मार्च १९९० मध्ये शेवटचे सैनिक मद्रासला परत आले तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. अनेकांना ते झोंबलं. मलाही आज त्या जवानांसाठी वाईट वाटतं, ती त्यांची चूक नव्हती. पण त्या बहिष्कारामागे जी वेदना होती, ती दिल्लीला कधी कळली नाही.

---

स्पष्टवक्ता

सगळे एकाच सुरात बोलताय म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी ३२ वर्षं सरकारी नोकरी केली, निवडणुकीच्या ड्युट्या केल्या, त्यामुळे ही प्रक्रिया आतून बघितली आहे.

पंजाब, फेब्रुवारी १९९२. अकाली दलाच्या मोठ्या गटांचा बहिष्कार, अतिरेक्यांच्या धमक्या, राज्यभर सैन्य. मतदान २४ टक्क्यांच्या आसपास. तुमच्या निकषावर ती निवडणूकही खोटी ठरेल. बेअंत सिंग सरकारला तेव्हा सगळ्यांनी नावं ठेवली. पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या, जानेवारी ९३ मध्ये ग्रामपंचायतींच्या, आणि लोकांनी रांगा लावून मतदान केलं. १९९७ ला अकाली निवडून आले आणि सत्तांतर शांतपणे झालं. ती चोवीस टक्क्यांची निवडणूक घेतलीच नसती तर पुढचं काहीच झालं नसतं.

युद्ध संपायची वाट बघत बसलं तर काही देशांत कधीच मतदान होणार नाही. अपुरी निवडणूकही कुठेतरी सुरुवात असते. आणि सरकार आशावादी बोलतं ते नेहमी फसवायला बोलत नाही. जवानाला, मतदान अधिकाऱ्याला, मतदाराला धीर द्यावा लागतो. 'सगळं बिघडलंय, तरी या मत द्यायला' असं कुणी म्हणेल का?

---

वाळवंटी वारा

कुवेतहून लिहितोय, इथे २००२ पासून आहे. इराकची २००५ची निवडणूक आम्ही शेजारच्या घरातून बघितल्यासारखी बघितली.

स्पष्टवक्ता काकांचा मुद्दा मला पटतो आणि पटतही नाही, दोन्ही. ३० जानेवारी २००५ ला आमच्या मेसमध्ये टीव्हीभोवती सगळे जमलो होतो. काळ्या अबाया घातलेल्या म्हाताऱ्या बायका मैलोनमैल चालत केंद्रावर येत होत्या, कारण त्या दिवशी गाड्यांना बंदी होती. जांभळ्या शाईचं बोट कॅमेऱ्यासमोर धरत होत्या. आमच्यातला एक बसराचा सहकारी रडत होता. त्या दिवशी चाळीसच्या वर माणसं हल्ल्यांत मेली आणि तरी रांगा मोडल्या नाहीत. त्या बोटांचा अपमान मी कधी करणार नाही.

पण आधीचे चार महिने आठवा. सप्टेंबर २००४ मध्ये तिथले हंगामी पंतप्रधान अयाद अलावी अमेरिकेच्या काँग्रेससमोर म्हणाले की अठरापैकी पंधरा प्रांतांत उद्यासुद्धा निवडणूक घेता येईल. त्याच दिवशी अमेरिकेचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड सिनेटच्या समितीत म्हणाले, तीनचतुर्थांश किंवा चारपंचमांश देशात घेता आली आणि बाकी ठिकाणी नाही, तर नाही. आयुष्यात परिपूर्ण काही नसतं. त्या आधी आमच्या इथल्या एका वाहतूक कंपनीचे तीन भारतीय ड्रायव्हर इराकमध्ये पळवले गेले होते, कित्येक आठवड्यांनी १ सप्टेंबरला सुटले. वाटेवर काय आहे ते आम्हाला ट्रकवाले सांगत. बगदादच्या रस्त्याला रात्री कुणी लागत नव्हतं. पंधरा प्रांत कुठले, असं आम्ही एकमेकांना विचारायचो.

नोव्हेंबरमध्ये अमेरिकी फौजांनी बंडखोरांचं फल्लुजा शहर घेतलं, 'बंडाचा कणा मोडला' म्हणाले, आणि त्याच दिवसांत मोसुलमधले बहुतेक पोलीस चौक्या सोडून पळाले. मोसुल म्हणजे इराकमधलं दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचं शहर.

आता ती 'उरलेली' चौथाई कोणती होती ते बघा. सुन्नी अरबांच्या अनबार प्रांतात मतदान झालं दोन टक्के. देशभरात ५८. नियम असा केला होता की अख्खा देश एकच मतदारसंघ, २७५ जागा. प्रांतवार जागा ठेवल्या असत्या तर मतदान कमी झालं तरी अनबारला त्याचे प्रतिनिधी मिळाले असते. एका मतदारसंघामुळे जिथे भीती जास्त तिथल्या जागा आपोआप दुसरीकडे गेल्या. हा नियम का केला? तारीख गाठायला तो सोपा होता. प्रांतवार याद्या आणि जागा ठरवायला वेळ लागला असता. मग ज्या सभेला राज्यघटना लिहायची होती तिच्यात सुन्नी अरब जवळपास नव्हतेच, ते नंतर बाहेरून आणून बसवावे लागले. ऑक्टोबरच्या सार्वमतात अनबारमध्ये ९७ टक्के लोकांनी घटनेला नाही म्हटलं. डिसेंबरच्या निवडणुकीत प्रांतवार पद्धत आणली, पण तोवर दोन्हीकडे प्रेतं पडत होती. फेब्रुवारी २००६ मध्ये सामर्राची शियांची मशीद उडवली आणि उघड यादवी सुरू झाली.

म्हणून रम्सफेल्ड यांचं ते वाक्य मला आजही जाळतं. 'बाकी ठिकाणी नाही, तर नाही.' युद्ध नेमकं त्या बाकी ठिकाणीच चालू होतं.

आणि एक गोष्ट आपल्याकडे फार कुणाला माहीत नाही. लवकर थेट निवडणूक ही अमेरिकेची इच्छा नव्हती. नोव्हेंबर २००३ च्या त्यांच्या योजनेत प्रांतोप्रांती निवडक लोकांच्या बैठकांतून सभा नेमायची होती. नजफचे शिया धर्मगुरू आयातुल्ला सिस्तानी अडून बसले की घटना लिहिणारे लोकांनी निवडलेलेच हवेत. जानेवारी २००४ मध्ये त्यांच्या मागणीसाठी बसरा आणि बगदादचे रस्ते भरले. त्या बायका मैलभर चालल्या त्या सिस्तानींच्या सांगण्यावरून आणि स्वतःच्या हक्कासाठी. श्रेय मात्र व्हाइट हाउसने घेतलं.

---

पाऊसवेळ

वाचतेय. 'बाकी ठिकाणी' वरचा परिच्छेद दोनदा वाचला.

---

लुईतकाठी

माझं बालपण गुवाहाटीत गेलं, वडील तिथे बँकेत होते. श्रीलंका-इराक लांब आहेत, आपल्याच देशातलं सांगते.

फेब्रुवारी १९८३. परकीय नागरिकांच्या प्रश्नावर आसामात आंदोलन पेटलेलं, मतदारयादीच वादात, आणि केंद्राने त्याच जुन्या यादीवर निवडणूक लावली. राज्यातले कर्मचारी काम करायला तयार नव्हते, म्हणून बाहेरच्या राज्यांतून माणसं आणली. निमलष्करी दलं आणली. घटनात्मक मुदत संपतेय, निवडणूक घ्यावीच लागेल, बंदोबस्त पुरेसा आहे, असं सांगितलं गेलं. आमच्या कॉलनीत मतदानाच्या दिवशी पडदे ओढून बसलो होतो.

१८ फेब्रुवारीला नेल्लीचं हत्याकांड झालं. सरकारी आकडाच अठराशेच्या वर आहे, एका सकाळी. त्यात बायका आणि मुलं सगळ्यात जास्त, कारण पळू शकले ते पुरुष. बंदोबस्त मतदान केंद्रांना होता. गावांना नव्हता. आई अजूनही ते नाव घेत नाही.

त्या निवडणुकीत मतदान तिशीच्या घरात झालं, कित्येक ठिकाणी नावापुरतं. हितेश्वर सैकिया मुख्यमंत्री झाले. अडीच वर्षांत, १५ ऑगस्ट १९८५ ला, आंदोलकांबरोबर करार करावा लागला, ते सरकार गेलं आणि डिसेंबर ८५ ला नव्याने निवडणूक झाली, तेव्हा कुठे लोक मनापासून बाहेर पडले.

स्पष्टवक्ता सर, ड्युटीवरच्या माणसाला धीर द्यावा लागतो हे मान्य. पण धीर देणं वेगळं आणि ज्यांच्या जिवावर बेतणार आहे त्यांना धोका लपवणं वेगळं. नेल्लीच्या आसपास तणाव आहे ह्याची सूचना स्थानिक पोलिसांच्या बिनतारी संदेशात होती. वरच्या चित्रात ती बसत नव्हती, म्हणून तिच्याकडे कुणी बघितलं नाही.

---

स्पष्टवक्ता

ताई, नेल्लीबद्दल वाद घालणार नाही. तो कलंक आहे. १९८३ ला मी नोकरीत नवा होतो, आसाममध्ये ड्युटी करून आलेल्या एका सहकाऱ्याने मला सांगितलं होतं की केंद्रावर दिवसभरात एकही मतदार आला नाही आणि तरी ते पूर्ण वेळ पेटीला सील लावून बसले होते.

पण पंजाबचं उत्तर कुणी दिलं नाही.

---

माणदेशी

काका, देतो. मी दोन दिवस त्यावरच विचार केला, कारण मुद्दा खरा आहे.

पंजाबात ९२ नंतर जे घडलं ते त्या चोवीस टक्क्यांतून उगवलं असं मला वाटत नाही. वर्षभराच्या आत गावच्या निवडणुका झाल्या, तिथे माणूस आपल्या ओळखीच्या सरपंचाला मत देत होता, आणि मुख्य म्हणजे अकाली पुन्हा रिंगणात आले. ज्यांनी बहिष्कार घातला होता त्यांच्यासाठी दार उघडं राहिलं. बेअंत सिंग यांची ९५ ला हत्या झाली, तरी ते दार बंद झालं नाही. ९७ ला बहिष्कारवालेच सत्तेवर आले.

१९८८च्या लंकेत ते दार नव्हतं. पेरुमल यांच्या सरकारला लोक जवळ करेनात तेव्हा आपण काय केलं? १९८९ मध्ये त्यांच्यासाठी 'तमिळ राष्ट्रीय सेना' उभी केली. त्यात पोरं जबरदस्तीने, शाळेच्या वाटेवरून, बसमधून उतरवून भरती केली. बंदूक कशी धरायची हे न कळणारी पोरं. शांतिसेना मागे सरकली तशी ती पोरं लिट्टेच्या तोंडी गेली. शेकडो मेली. निवडून आलेलं सरकार टिकवायला मतदारांचीच मुलं धरून न्यावी लागतात, तेव्हा ते सरकार कुणाचं?

आणि कोलंबोचंही बघा. ज्या सरकारसाठी आपण हे करत होतो, त्या देशाचे नवे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा १ जून १९८९ ला जाहीर म्हणाले की भारतीय सैन्याने २९ जुलैपर्यंत निघून जावं. तेवढ्यात ते लिट्टेशी बोलणी करत होते आणि आपल्याविरुद्ध लढायला लिट्टेला शस्त्रंही देत होते. दक्षिणेत जेव्हीपी ह्या डाव्या सिंहली संघटनेने भारतविरोधावर रान पेटवलं होतं. म्हणजे उत्तरेत तमिळ आपल्याविरुद्ध, दक्षिणेत सिंहली आपल्याविरुद्ध, सरकार आपल्याविरुद्ध. आणि आकाशवाणीवर आम्ही ऐकत होतो की प्रांतिक परिषद काम करू लागली आहे.

उत्तर प्रांतात लोकांनी खऱ्या अर्थाने आपली परिषद निवडली ती २१ सप्टेंबर २०१३ ला. ३८ पैकी ३० जागा तमिळ नॅशनल अलायन्सला. करारानंतर सव्वीस वर्षांनी.

---

जुना वाचक

दक्षिण व्हिएतनामचा उल्लेख आला नाही म्हणून थोडक्यात. ३ सप्टेंबर १९६७. मतदान ८३ टक्के सांगितलं गेलं, अमेरिकेतून निरीक्षक आले, वॉशिंग्टनला फार समाधान झालं. जनरल थिएउ जेमतेम ३५ टक्क्यांवर निवडून आले. शांतता बोलणीची भाषा करणारे त्रुओंग दिन्ह झू दुसरे आले, त्यांना पुढे तुरुंगात टाकलं. नोव्हेंबरमध्ये तिथल्या अमेरिकी फौजांचे प्रमुख जनरल वेस्टमोरलँड वॉशिंग्टनमध्ये सांगून आले की शेवट दृष्टिपथात येऊ लागला आहे. दहा आठवड्यांनी, जानेवारीअखेरीस, टेटच्या, म्हणजे नववर्षाच्या, सणाला बहुतेक मोठ्या शहरांवर एकदम हल्ले झाले, सायगावच्या अमेरिकी वकिलातीच्या आवारात लढाई झाली. १९७१ ला थिएउ एकटेच उमेदवार होते.

माणदेशींचा निकष इथेही लावता येतो. थिएउ एप्रिल १९७५ मध्ये देश सोडून गेले. अफगाणिस्तानचे राष्ट्राध्यक्ष अश्रफ घनी १५ ऑगस्ट २०२१ ला. ते ज्या २०१९ च्या निवडणुकीत जिंकले, तीत मोजलेली मतं वीस लाखांच्याही आत होती.

---

तंजावरी

एक विचारते, माणदेशी. मामा आहेत ना? त्यांना तुम्ही त्या ओळीबद्दल विचारलंत का?

---

माणदेशी

आहेत, ७१ वर्षांचे. तुमचा प्रतिसाद वाचून काल फोन केला. ते कधी लंकेबद्दल बोलत नाहीत. एका पायाला सुरुंगाचे तुकडे लागलेले, हिवाळ्यात अजून ठणकतो. पत्रातली ओळ वाचून दाखवली तर बराच वेळ गप्प होते.

मग म्हणाले, साहेब खोटं बोलत नव्हता रे, त्यालाही वरून तेच सांगितलं होतं. मतदानाच्या दिवशी ते बट्टिकलोआकडच्या एका शाळेवर बंदोबस्ताला होते. एक म्हातारा मास्तर मत देऊन बाहेर आला, ह्यांच्याजवळ थांबला आणि मोडक्यातोडक्या हिंदीत त्याने विचारलं, 'तुम लोग कब जायेगा?' मामांना वाटलं तो वैतागून विचारतोय. म्हणून ते म्हणाले, जल्दी जायेगा. तर त्याचा चेहरा पडला. तो म्हणाला, जाण्याआधी आम्हाला सांगा, माझा मुलगा त्या पक्षाचं काम करतो.

मामा म्हणाले, त्या दिवशी मला समजलं की हे टिकणार नाही. मी पत्रात ते लिहिलं नाही, आईला कशाला काळजी.

त्या मुलाचं पुढे काय झालं, त्यांना माहीत नाही. पलटण त्या गावातून निघाली ती रात्री, कुणाला न सांगता.

---

लुईतकाठी

काही लिहिता येत नाही. मामांना नमस्कार सांगा.

---

स्पष्टवक्ता

माझाही सांगा. पंजाबचं तुमचं उत्तर पटलं. बहिष्कार घालणाऱ्यासाठी दार उघडं ठेवलं की नाही, हे बघायला हवं.

---

खारघरकर

धाग्याला थोडं अवांतर. मेजर रामस्वामी परमेश्वरन, आठ महारचे, शांतिसेनेतले परमवीर चक्र विजेते, जन्माने मुंबईकर. २५ नोव्हेंबर १९८७ ला गेले. आमच्या पिढीतल्या कितीतरी मुंबईकरांना हे नावच माहीत नाही. त्या युद्धाबद्दल सरकारलाही बोलायचं नव्हतं आणि विरोधकांनाही, त्यामुळे जवानांबद्दल बोलायचं राहून गेलं. त्यांचं पहिलं मोठं स्मारक कोलंबोजवळ बट्टारामुल्लाला झालं, २००८ मध्ये, आणि तेही लंकेने बांधलं.

---

पाऊसवेळ

इतके दिवस नुसती वाचत होते. आम्ही जुलैमध्ये कोलंबोला जातोय, ऑफिसच्या कामाने, चार दिवस. बट्टारामुल्ला शहरापासून लांब नाही असं दिसतंय. माणदेशी, मामांच्या कंपनीतल्या त्या तिघांची नावं तिथल्या भिंतीवर असतील तर मी शोधून फोटो काढून आणीन. फुलंही वाहीन.

---

माणदेशी

पाऊसवेळ, मामांना आत्ता विचारलं. त्यांनी तिन्ही नावं नंबरासकट एका दमात सांगितली. एकाचं गाव आमच्या शेजारचंच आहे, त्याची बहीण अजून आहे. फोटो आला तर तिला नेऊन देईन. नावं व्यनि करतो.